वलगावला यायला व्हिसा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशिवाय कोणाला विचारावं ते सुचत नाही. तुझी नात कॅनडाची नागरिक होते आहे. परवा शपथ. मग भारताचा पासपोर्ट परत द्यायचा, आणि आपल्या वलगावला यायचं तर व्हिसा, नाहीतर तसलंच काही कार्ड काढून यायचं. सगळं ठरलंय, फक्त माझ्या ‘हो’साठी अडलंय. “तुम्ही नाही म्हणालात तर मी शपथेला जाणार नाही, बाबा,” म्हणते. संध्याकाळी फोन करणार आहे.

सकाळपासून जिवाला चैन नाही. अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान मी या कानांवर उभं केलं; चालू मोटार नुसती ऐकून बिघाड सांगतो. आज एकीला बराच वेळ कान लावून उभा होतो, तर कारागीर म्हणतो, “शेठ, बंद हाय थे.”

मला तुझी ती ग्रामसभा आठवते. आपल्या वस्तीतल्या बाया बाहेर लिंबाखाली बसायच्या, तू थेट आत सतरंजीवर जाऊन बसलीस. वस्तीत दिव्याचा खांब पाहिजे म्हणालीस. सरपंच म्हणाले, “बाई, तुमच्या नवऱ्याले पाठवा, तो बोलीन.” तू म्हणालीस, “थो वर गेला. त्याले बोलवाचं त तुमीच जा.” सभा हसली, सरपंचही हसले. खांब आला.

मग एक दिवस तो दिवा भर दुपारी जळत होता. चूल तशीच टाकून तू पंचायतीत निघालीस. मी भाकर खात होतो. म्हणालो, “जळू दे ना माय, बिल काय आपल्याले येते?” तू दारातून वळलीस. “मंग कोनाले येते? गाव काय सरपंचाचं हाय? आपन मांगून आनला, आता पाहा बी आपल्यालेच लागते.”

गेल्या महिन्यात पोरगी सांगत होती, तिथल्या बागेतला नळ वाहत होता म्हणून तिनं नगरपालिकेला फोन केला, आणि कोणी येईपर्यंत तिथंच थांबली. थंडीत! मी म्हणालो, “तुले काय करा लागते? बिल तुले येते का?” ती फटकन म्हणाली, “मग कोणाला येतं, बाबा?” तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

म्हणजे शपथ परवा असली तरी ती तिथली कधीच झाली आहे. हे डोक्याला पटतं, आणि तरी मी दुकानात येरझारा घालून राहिलो. तिथला नळ ती पाहील. मग आपला खांब कोण पाहील? मी वलगाव सोडून इतका काळ झाला, तो खांब उभा आहे की नाही, हेही मला माहीत नाही.

खरं सांगू? तुझ्याकडून ‘नाही’ काढून घ्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. तू काही दिलं नाहीस. फोन वाजून राहिला, माय. हो म्हणतो. आवाज साफ निघणार नाही, आणि ते तिच्यापासून लपणारही नाही. कान तिनं माझेच घेतलेत.