पांडूची पापणी

रत्नागिरी, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५३

आज भूल मी दिली! मी दवाखान्यातला साधा कंपाउंडर. पण पांडू खलाशाचा सडका पाय आजच कापायला हवा होता आणि क्लोरोफॉर्म द्यायला दुसरं कोणी नव्हतं. थेंब पडताच गडी "शीड उतरवा रे!" ओरडत हातपाय झाडू लागला, मग एकदम गप्प. नव्या डॉक्टरांनी सुरी उचलली.

"साहेब, दम धरा. पापणी अजून हलतेय."

"तात्या, डॉक्टर कोण?"

"तुम्हीच. पण कच्च्या झोपेत सुरी लागली तर काळीज बंद पडेल."

थांबले बापडे. आणखी थेंब दिले. श्वास संथ झाला, बोट लावलं तरी पापणी हलेना. "आता कापा."

पापणी पाहिलीच नसती तर? नको तो विचार.

दुपारी पांडू शुद्धीवर आला, भडाभडा ओकला आणि मला आईवरून शिवी हासडली. इतकी गोड शिवी जन्मात ऐकली नव्हती.