मूर्तीचे हात

सर, माझ्या मुरबाडच्या फोटो स्टुडिओतला पडदा तुम्हीच रंगवून दिला होता. मी सातवीत शाळा सोडलेला, तरी दुकान टाकलं म्हटल्यावर चित्रकलेचे मास्तर तुम्ही, अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात घातलीत. तुमच्या जाड पुस्तकात परदेशी चित्रं होती. पडकी देवळं, मोडके खांब, हात तुटलेली संगमरवरी बाई, आणि तिच्या पायाशी निवांत गुरं चारणारे गुराखी. तुम्ही तसंच काढलंत, फक्त मागे आपल्या माहुली गडाचे सुळके घातलेत. मी विचारलं, "हिला हात कधी देणार?" ब्रश पुसत म्हणालात, "नाय देणार. मोडून पण उभी हाय, तेच बघायचं."

मला कळलं नाही. लोक हसतील म्हणून आधी मीच हसायचो, "उंदरांनी खाल्ले हात." एक म्हातारी नव्या सुनेला घेऊन आली, तेव्हा मीच म्हटलं, "आजी, मूर्त खंडित हाय, नवरीला बाजूला घेऊ?" ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. "नको रे. बिचारी हात नसून पण ताठ उभी हाय. हिच्याच शेजारी उभी कर माझ्या सुनेला."

अडाणी म्हातारीला दिसलं ते मला दिसेना, याचाच राग आला असावा. त्याच आठवड्यात भिंतीच्या उरलेल्या डिस्टेंपरनं मी त्या बाईला हात काढले.

निवृत्त झालात तेव्हा तुम्ही फोटोला आलात. स्टुलावर बसायचं सोडून पडद्यावरचे हात बघत राहिलात. मी घाईनं म्हणालो, "लोक ऐकत नायत, सर. खंडित मूर्तीपुढं नवरा-नवरी उभे राहत नायत."

"सगळेच म्हणतात?"

"सगळेच."

"मग गिऱ्हाइकापुढं माझं काय चालतंय," तुम्ही हसलात. "पण हा डावा हात गुराख्याचा कान पिळायला निघालाय बघ." चहा घेतलात. फोटो मात्र साध्या भिंतीपुढे काढून घेतलात.

पुढे तुम्ही गेलात, डिजिटल आलं, दुकान बंद पडलं. पडदा मी शहापूरला घरी आणून अंगणातल्या पेंढ्यावर झाकण म्हणून टाकला. हो, तुमचं चित्र पेंढ्यावर टाकलं. एक पावसाळा गेला नि बघतो तर माझे हात धुऊन गेलेले. तुमचा तेलरंग तसाच. बाई पुन्हा बिनहातांची, ताठ, आणि तिच्या पायाशी आमची म्हैस रवंथ करत बसलेली. मी पडदा उतरवून घेतला.

पडदा आता घरात आहे. हा कागद त्याच्याच गुंडाळीत ठेवतो, दुसरा पत्ता नाही. सर, गिऱ्हाईक कुणीच काही म्हणालं नव्हतं. एक म्हातारी तेवढी बोलली, नि ती तुमचंच म्हणाली होती.