मेमरीतली चाळीस लाख कार्डं

३ मार्च, मंगळवार. सकाळी ११.१०
मीटिंगमध्ये साहेबांनी नवीचं कौतुक तीनदा केलं. माझं शून्य वेळा. मी मोजत नव्हतो, लक्षात राहिलं.
नवीला येऊन सहा आठवडे झाले. आम्ही जी फाइल साठवायची मशीनं विकतो त्यांची सिस्टीम तिला आत्ता कुठे कळू लागली असेल. त्यातला उघड्या फाइलींची नोंद ठेवणारा मेमरीतला तक्ता मी लिहिला, अकरा वर्षांपूर्वी, एकट्याने.
नकाशे छापणाऱ्या गिऱ्हाइकाचं मशीन दर नऊ दिवसांनी मान टाकतं. मेमरी तुडुंब भरते. नवी म्हणाली, तक्त्यात काहीतरी अडकतंय. भर मीटिंगमध्ये. माझ्या तक्त्यात.
निश्चय : सोमवारच्या आत खरं कारण मी शोधणार. तिच्या आधी. मत्सर म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

४ मार्च, बुधवार
कारण सापडलं. गिऱ्हाईक फार फाइली उघडतं. तसा मेल केला.
दुपारी ३. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. पाच वर्षं तेवढ्याच उघडतो, म्हणतात. लोक स्वतःची चूक कबूल करत नाहीत.
नवी आकडे घेऊन आली. फाइली उघड्या आहेत तीनशे आणि मेमरीत फाइलींच्या माहितीची कार्डं बसलीत चाळीस लाख. मी समजावलं की पुढे लागतील म्हणून ठेवतो, त्याला दूरदृष्टी म्हणतात. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "मग सर, त्या सगळ्यांवर 'वापरात आहे' असं का लिहिलंय?"
मला मीटिंग आहे म्हणालो. नव्हती. चहाच्या मशीनपाशी वीस मिनिटं उभा होतो.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी
लेकीची उद्या कॉम्प्युटरची परीक्षा. नेमका माझाच धडा, फाइल आणि मेमरी. तासभर शिकवलं. शेवटी म्हणाली, "बाबा, तू मला आणखी घाबरवलंस."
मी अंघोळीला गेलो तर नवीचा कामासाठी फोन आला आणि लेकीने उचलला. बाहेर येतो तो दोघींचं हसणं.
नवीने तिला सांगितलं म्हणे, डॉक्टरचा दवाखाना समज. सगळ्या पेशंटचे केसपेपर मागच्या खोलीत, कपाटात. पेशंट आत आला की त्याचा पेपर टेबलावर. फाइलचंही तसंच : ती कुणाची, केवढी, डिस्कवर कुठे आहे, ही माहिती तिच्या कार्डावर. फाइल उघडली की कार्ड डिस्कवरून मेमरीत. दर वेळी कपाटाकडे पळायला नको. किती जण वापरताहेत तो आकडा कार्डावर. तो शून्य झाला की कार्ड हलवता येतं.
मीही हेच सांगितलं होतं. फक्त डॉक्टर नव्हता.
ही म्हणाली, किती गोड बोलते रे ती, एकदा जेवायला बोलाव. मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

६ मार्च, शुक्रवार
नवीला मान टेकवायची खुर्ची मिळाली. माझा अर्ज दोन वर्षांपासून आहे. माझी मान तिच्यापेक्षा वीस वर्षांनी जुनी आहे.
निश्चय : तिच्या स्क्रीनकडे बघणार नाही.
दुपारी ४. बघितलं. काही कळलं नाही. फॉन्ट फार बारीक ठेवते.

९ मार्च, सोमवार. सकाळी ११.१५
तोडगा तयार. सोपा आहे. आकडा काहीही असो, तासाभरापेक्षा जुनं कार्ड दिसलं की हाकलायचं. दहा फाइलींवर तपासलं, उत्तम. नवीला दाखवलं नाही, बिचारीला कशाला त्रास. आधी आपल्याच ऑफिसच्या मशीनवर चढवला.
दुपारी ४. मेमरी रिकामी होतेय. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि "वा" म्हणाले. नवीने ऐकलं असावं. खात्री व्हावी म्हणून मी तिला जाऊन सांगितलं.

१० मार्च, मंगळवार
चाळीस जणांच्या कालच्या फाइली शून्य आकाराच्या झाल्या. साहेबांचं प्रेझेंटेशन धरून.
लोक मिनिटामिनिटाला सेव्ह का करतात कळत नाही.
झालं ते असं. फाइल सेव्ह केली की तिचा नवा आकार आधी फक्त मेमरीतल्या कार्डावर लिहिला जातो आणि कार्डावर 'डर्टी' अशी खूण पडते. म्हणजे, डिस्कवर उतरवल्याशिवाय हलवू नका. माझ्या तोडग्याने ती कार्डं तशीच हाकलली. नवीने एवढंच विचारलं, "सर, ती खूण बघितली होती ना?" मी म्हणालो, अर्थात. बघितली नव्हती. ती खूणही मीच बसवलेली आहे.
तिने काल सकाळची राखीव प्रत चढवली. सगळ्यांचं एक दिवसाचं काम गेलं. तिचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझं उत्तर तयार होतं.

११ मार्च, बुधवार
तिला सापडलं. एक ओळ. कुणी परवानगी नसलेली फाइल उघडायला गेलं की माझा प्रोग्राम कार्ड आणतो, आकडा एकने वाढवतो, मग 'परवानगी नाही' म्हणून परत फिरतो. आकडा उतरवायचा राहून जातो. कार्ड जन्मभर वापरात. गिऱ्हाइकाने महिन्यापूर्वी बसवलेला नवा प्रोग्राम दिवसभर बंद फाइलींची दारं ठोठावत फिरतो.
ओळ अकरा वर्षांपूर्वीची. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव आपोआप येतं. सोय म्हणून चांगली आहे.
तेव्हा लेक तान्ही होती, झोप होत नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

१२ मार्च, गुरुवार
तिने रिपोर्टमध्ये लिहिलंय : मूळ रचना भक्कम, दोष एका ओळीत. 'भक्कम'मध्ये टोमणा आहे का म्हणून तीनदा वाचलं. नाही सापडला. उद्या पुन्हा बघतो.

१३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. राजीनाम्याची दोन वाक्यं पाठ करून गेलो. ते म्हणाले, सोमवारपासून तक्ता नवीकडे, आणि तिने सोबत तुम्हालाच मागितलंय. का, म्हणून विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं असेन. ते म्हणाले, "कुठेही लिहून न ठेवलेलं तुम्हालाच ठाऊक असणार, असं तिचं म्हणणं."
घरी जाहीर केलं, माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही. लेक म्हणाली, "म्हणजे आता ती तुझी साहेब?" ही म्हणाली, "बरं झालं, शिकशील काहीतरी."
चहा घेऊन टेबलाशी बसलो. अकरा वर्षांचं गुप्त ज्ञान नवीसाठी नीट कागदावर उतरवायचं ठरवलं. मोठी वही काढली.
साडेसात. तीन ओळी झाल्या. तिसरी 'डर्टी' खुणेची होती, ती खोडली. ती मला नवीनेच मंगळवारी सांगितली होती.