अश्विनच्या गाडीसमोर दिवा नको

अश्विनची माय,

तू नळावरून आली की पहिले हे वाच. पोरानं घरी बनवलेल्या गाडीसमोर आरतीचा दिवा नेऊ नको, उदबत्तीही नको. आता शेडमधी जाऊन पाह्यलं, तं इंजिनाजवळ पेट्रोलचा पाइप गळून राहिला. नवा आणाले गोंदियाले जाऊन राहिलो. बॅटरीची तार काढून सोबत नेली आहे. अश्विन माझा फोन उचलत नाही. म्हणंल, बापानं मुद्दाम खोडा घातला. चिडू दे, पण दुसरी तार जोडू देऊ नको. मुहूर्त हुकला तं हुकू दे. मी आल्यावरच चालू करा. भंगार म्हणलो होतो त्या गाडीले, पण तिचा पहिला आवाज मलेही ऐकाचा आहे.

यादोराव