सुमन बोरसे यांच्या एकतीस चाली आणि इतर मालमत्ता

मी, सौ. सुमन निंबा बोरसे, वय ५४, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार पांडेसरा, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचा आजार बळावला आहे, पण डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही.

१. पांडेसऱ्याची खोली माझ्या पगारातून घेतली, माझ्याच नावावर आहे. ती मुलगी सुषमा हिला द्यावी. "बाबांनी वाजवली म्हणून तर लोकांनी तुझी चाल ऐकली," असे ती मला म्हणाली होती. तरीही द्यावी. मुलगी आहे.

२. बँकेतील शिल्लक औषधपाण्यातून उरली तर तीही सुषमाला.

३. संगणक, कीबोर्ड, सॉफ्टवेअरची डिस्क आणि एकोणीस फ्लॉप्या माझी विद्यार्थिनी दिपाली वाघ हिला द्याव्यात. फ्लॉप्यांत माझ्या एकतीस चाली मिडी स्वरूपात आहेत. मिडीत आवाज नसतो. कोणता सूर, किती वेळ, किती जोराने, एवढेच लिहिलेले असते. आवाज द्यायला वेगळे सॉफ्टवेअर लागते. ते निवडायला आम्हा दोघींना आठ महिने लागले. कतारगामच्या दुकानदाराने दिलेल्या पहिल्यातली क्लॅरिनेट जत्रेतल्या पिपाणीसारखी वाजे. दुसऱ्यातले व्हायोलिन गोड, पण क्लॅरिनेटला श्वासच नाही. तिसऱ्यात खऱ्या वादकाचा एकेक सूर हळू आणि जोरात फुंकून भरलेला होता. त्यासाठी संगणकाची मेमरी वाढवावी लागली. मी पाटल्या मोडल्या.

दिपाली, पुढे याहून चांगली सॉफ्टवेअर निघतील. व्हायोलिनला भुलू नकोस. क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर अगदी हळू वाजवून बघ. सुराआधी फुंक ऐकू आली तरच घे. कॅसेट निघाली तर वेष्टनावर 'चाल : सुमन बोरसे' छापावे. ही अट आहे.

४. पतीचे नाव घेऊ नये असे आईने शिकवले होते, पण या कागदात घ्यावेच लागते. श्री. निंबा बोरसे हे बँडचे मास्तर, क्लॅरिनेट वाजवतात. लग्नानंतर मी माझी पहिली चाल त्यांच्यापुढे ठेवली. "बाईनी चाल वाजाडी तं वराती कोन दी?" बाईच्या चालीवर वरातीचे काम कोण देणार, असे म्हणत त्यांनी चालीची वही मिटली. सव्वीस वर्षे ती मिटलेलीच राहिली. वादक मिळाला नाही, म्हणून मी यंत्र घेतले.

यंदा जानेवारीत तिसऱ्या सॉफ्टवेअरवर चाल लावली होती. हे वरातीहून बँडच्या कपड्यांतच आले आणि दारात थांबले.

"कोन वाजाडी ऱ्हायना?"

"कोणी नाही. माझी चाल आहे."

खाली बसून त्यांनी ती तीनदा ऐकली. त्या दिवशी मला वाटले, संसार आता कुठे सुरू झाला.

मे महिन्यात चलथाणला एका लग्नात मी अक्षता घेऊन उभी होते. वरात आली ती माझ्या चालीवर. वरबापाने विचारले, "मास्तर, चाल कोनी?" हे म्हणाले, "मनीच." म्हणजे माझीच, त्यांची स्वतःची. मी सहा हातांवर उभी होते. त्यांनी मला पाहिलेही होते.

म्हणून श्री. निंबा बोरसे यांना काहीही देऊ नये. सुषमाने त्यांना खोलीत राहू द्यावे, ही विनंती आहे, अट नाही. माझ्या अंत्ययात्रेत बँड नको.

५. वकील म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याखाली काही मिळत नाही. म्हणून पहिले साक्षीदार म्हणून मी यांनाच, पतीला, बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची कायद्याला गरज नसते. मला आहे. आज सकाळी वाचायला दिला. कागद खाली ठेवून म्हणाले, "घर नको, पैसा नको. वरबापनं वाक्य तेवढं काढी टाक."

मी म्हटले, "राहील."

सही करतात की नाही ते खाली दिसेल. न केल्यास दुसरे दोघे साक्षीदार बसलेले आहेत.

स्थळ : सुरत
दिनांक : १४ ऑक्टोबर १९९९

सौ. सुमन निंबा बोरसे

साक्षीदार :
१. निंबा दगडू बोरसे. वाचलं. चाल तिची आहे.
२. सुकदेव चौधरी, शेजारी
३. मंगलाबाई पाटील, शेजारी