पाच नंबरचा हात

२० जानेवारी १९८५, जवाहरनगर
टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. नागपूरच्या बास्केटबॉल सामन्यांचं मराठी समालोचन. दोन सामने चाचणीचे, जमलं तर समालोचकांच्या कायमच्या यादीत. विद्यापीठाकडून खेळलो त्याला वीस वर्षं झाली. नंतर माइक धरला तो कारखान्याच्या वसाहतीतल्या स्पर्धांतच. बायको, कुंदा, म्हणते, "भोंग्यावर ओरडता तसं ओरडू नका, लोक आवाज बंद करतील."
ड्रिबलला मराठीत काय म्हणावं? 'चेंडूचे टप्पे पाडत' म्हणेपर्यंत खेळाडू पलीकडे पोचलेला असतो.

२३ जाने., नागपूर
विदर्भ वि. बंगाल, मुली. निर्मात्या राव बाईंनी आधीच बजावलं, "मैदानाकडे बघू नका. समोरच्या छोट्या पडद्याकडे बघून बोला. प्रेक्षकाला दिसतं तेवढंच तुम्हाला दिसायला हवं." पाचेक मिनिटं पाळलं. मग मान आपोआप वर. खेळलेल्या माणसाला पडदा म्हणजे खिडकीच्या फटीतून बघणं.
विदर्भाची पाच नंबर, वनिता, आपल्या भागातल्या आसगावची. डावा हात उजव्याइतकाच चालतो. बोलताना अभिमान लपवला नाही. तिनं कोपर मारलं तेव्हा दोन शब्द सुनावलेही. पक्षपात नको.
बाई खूश. "आवाज चांगला आहे. थोडं कमी बोला."

२७ जाने.
आज सामना टीव्हीवर दाखवला. शेजारचे धरून चौदा जण आमच्या खोलीत. स्वतःचा आवाज परका वाटतो, कोणी वडीलधारा रागावल्यासारखा.
मग ते कोपर. माझी नजर चेंडूमागे गेली होती. परत बघितलं तर बंगालची मुलगी खाली आणि पाच नंबर तिच्यावर वाकलेली. बोललो, "वनितानं कोपर मारलं. हे खेळाला शोभत नाही." पडद्यावर स्वच्छ दिसतं: कोपर आठ नंबरचं. पंच बोटांनी आठ दाखवतो. वनिता पडलेल्या मुलीला उठवायला हात देते आहे.
खोलीत एकालाही खटकलं नाही. सगळे म्हणाले, "पोरगी तापट आहे." चित्र समोर होतं की! कुंदाला विचारलं, तू काय पाहिलंस? म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते."

२९ जाने.
आमचा शिपाई तुळशीराम आसगावचा. रविवारी गावीच होता. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर सगळ्या गावानं बघितलं म्हणे. "लोक पोरीले आता मारकुटी म्हनून राहिले, सायेब. बापानं शिबिराले जाऊ देत नाई म्हनलं." शिबिर नागपूरला, १९ फेब्रुवारीपासून. तिथूनच पुढचा संघ निवडतात.
शोभत नाही हे माझं वाक्य. फाऊल सांगून थांबता आलं असतं. कोणी विचारलं होतं?

३ फेब्रुवारी, रात्री
आसगावला जाऊन आलो. वनिताचे वडील देवाजी धानाच्या पोत्यावर बसले होते. झाली चूक सगळी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग, "मले सांगून काय फायदा, भाऊ? म्या तं पोरीले वळखतो. गावानं टीव्हीत आयकलं. टीव्हीतच सांगा."
शेजारची म्हातारी मध्येच, "पन म्या पायलं नं! ढकललंन तिनं!" कसं ढकललं, विचारलं. तिनं उठून करून दाखवलं. दोन्ही हातांनी, जोरात. असं पडद्यावर कुठेच नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर कुतूहलही. एका वाक्यानं म्हातारीच्या डोळ्यांत नवं चित्र तयार झालं. मी आजवर पाहिलेल्यातलं कितीसं असं असेल?
वनितानं चहा आणला, कप ठेवून गेली.

१३ फेब्रु., नागपूर
दुसरी चाचणी, पुरुषांचा सामना. आधी बाईंना विचारलं, मागची चूक सांगून टाकू का. म्हणाल्या, "चूक कोणाच्या लक्षात नाही. आपणच कशाला काढायची? लोक म्हणतील, ह्यांना दिसत नाही तर बसवलं कशाला. आणि यादी काही मी एकटी ठरवत नाही."
त्यांचंही खरं आहे. यादीत जायचं आहे मला. हे लिहून ठेवतो, नंतर उदात्त वाटायला नको.
पूर्ण सामना पडद्याकडे बघून बोललो. कमी बोललो. चांगलं झालं, इतकं चांगलं आधी कधी नाही. उत्तरार्धातल्या टाइम-आउटला राहवेना. "मागच्या सामन्यात मी विदर्भाच्या वनिताला दोष दिला. कोपर तिचं नव्हतं. ती पडलेल्या खेळाडूला उठवत होती. चूक माझी." बाईंनी काचेपलीकडून फक्त पाहिलं. निघताना "कळवू" म्हणाल्या. रविवारी दाखवतील. ते ठेवतील की कापतील, विचारायचं धाडस झालं नाही.

१७ फेब्रु., आसगाव
ग्रामपंचायतीत सगळ्यांत मागे बसलो. टाइम-आउट आला. कापलं नव्हतं. कोणी वळून बघितलं, कोणी नाही. म्हातारी म्हणाली, "ह्या मानसाचा काई भरोसा नाई, मांगं येक सांगते, आता येक." हसू आलं, आणि पटलंही.
नंतर देवाजींच्या घरी. त्यांनी पाणी दिलं. मग मुलीला, "ते बंगालची होती नं? तिले हात कायले देल्ला?"
वनिता दारातूनच, "पडली होती नं, बाबा."
शिबिर परवा. मी विषय काढला नाही, तो हक्क मी गमावला आहे. उठायला लागलो तेव्हा देवाजींनीच विचारलं, "भाऊ, तितं जेवाले भात देतेत, का नुसत्या पोळ्याच?"
मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणालो.