बोटांच्या टोप्या

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी २००६

प्रिय मोहिनीताई,

सप्रेम जयभीम. तुझे टाके निघाले, असं चैतालीने फोनवर सांगितलं. तुझी पोर मोठ्या माणसासारखं बोलते आता. तिची परीक्षा कशी गेली, ते विचारायचंच राहिलं. इकडे मी बरा आहे. खोलीवर पाणी दिवसाआड येतं, बाकी ठीक.

पुण्याच्या उपकरणांच्या स्पर्धेत, तुझ्या बोटांसाठी बनवलेल्या टोप्यांना पहिलं बक्षीस मिळालं, हे कळलंच असेल. परीक्षकांनी त्या स्वतःच्या बोटांवर चढवल्या. गरम पेल्याला हात लावला की दंडावरची मोटर थरथरते, हे बघून खूश झाले. मी तुझ्याबद्दल सांगितलं. काचेने मनगटाची नस तुटल्यापासून बहिणीच्या तीन बोटांना काही कळत नव्हतं, आता ती पुन्हा भाकरी करते, असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

तुझी बोटं तव्यावर भाजली, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

दवाखान्यात आलो तेव्हा एका बोटाचं पेर गेलेलं होतं. दाजी माझ्यादेखत तुला बोलत होते, भावाने एवढं करून दिलं आणि तुला धड बांधताही आलं नाही. तू खाली मान घालून म्हणालीस, "माझंच चुकलं. पट्टा सैल राहिला."

मी सफरचंद कापत बसलो.

ताई, पट्टा सैल नव्हता. बोट वाकतं तिथे आतली तार तुटते, हे मला आधीच माहीत होतं. माझ्या टेबलावर ती दोनदा तुटली होती. तार तुटली की मोटर गप्प होते. आणि मीच तुला शिकवलं होतं, मोटर गप्प म्हणजे तवा गार. दुरुस्तीला वेळ लागला असता, आणि स्पर्धेसाठी महिनाभर कुणीतरी वापरल्याचं दाखवायचं होतं. कुणीतरी म्हणजे तू.

निघताना तू म्हणालीस, "तू करत राहा. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल." त्यानंतर मला टेबलाशी बसवलं नाही.

काल स्पर्धावाल्यांना सगळं लिहून कळवलं, बक्षीस परत केलं. पण त्याने घरात तुझ्यावरचा बोल जात नाही. चैताली सांगत होती, सासूबाई तुला अजून चुलीपाशी येऊ देत नाहीत, वेंधळी म्हणतात.

म्हणून १९ तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीने येतोय. हे पत्र दाजींना आणि सासूबाईंना मीच वाचून दाखवीन. तू मधे बोलू नकोस. मला वाचवू नकोस, एवढंच मागतो.

तुझ्यासमोर खोटा पडलेला,
धम्मपाल